गेलेल्या लेखकांवरून भांडायचं कसं, आणि तरी पुढच्या रविवारी बोलावणं यावं

आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी हा कार्यक्रम असतो. सात-आठ माणसं, कुणाचा तरी हॉल, चहा दोनदा, भजी एकदा, आणि गेलेल्या मराठी लेखकांवरून भांडण. सुरुवात झाली एका लग्नाच्या बुफेत, लाइनीत उभं असताना कुणीतरी म्हणालं की खांडेकर आता वाचवत नाहीत बुवा, आणि मग पुढचा तासभर आम्ही जिलबीची प्लेट हातात धरून तिथेच उभे, मागचे लोक वळसा घालून पुढे जातायत, नवरा-नवरीला भेटायचं राहून गेलं. त्याला आता चार वर्षं झाली. एक जण कायमचा रुसला, एक रुसून परत आला, आणि बाकीच्यांनी या निमित्ताने शाळेनंतर पहिल्यांदा हरिभाऊ आपटे वाचले. बरेच जण विचारतात की तुम्ही हे जमवता कसं, आमच्याकडे तर दहाव्या मिनिटाला एक तर सगळे एकमेकांना हो हो करतात किंवा एक जण पर्स उचलून निघून जाते. म्हणून लिहितेय. यातलं बरंच आधी चुकून मग शिकलेलं आहे.

सगळ्यात आधी भीड मोडायला लागते. आपल्याकडे गेलेल्या लेखकाबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येतो, जसं काही आत्ताच घरातून तिरडी निघालीय. "थोर होते हो ते, त्यांच्याविषयी असं बोलू नये." अहो पण ते स्वतः एकमेकांविषयी काय बोलायचे ते बघा ना. 1885 साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेला जोतीराव फुल्यांना बोलावलं तर जोतीरावांनी पत्र पाठवून सरळ नकार दिला आणि त्या सगळ्या जमातीला "घालमोडे दादा" म्हणून टाकलं. आज आपण ज्याला साहित्य संमेलन म्हणतो त्याच्या मुळाशीच हे असं रोखठोक पत्र आहे. त्याच्याही आधी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 ला निबंधमाला सुरू केली आणि त्यात लोकहितवादींना सोडलं नाही, फुल्यांना तर व्याकरणावरून धुतलं. तेव्हा भांडण ही आपली परंपरा आहे, तुम्ही काही पाप करत नाही आहात.

चिपळूणकरांचं हे उदाहरण आम्ही नवीन माणसाला मुद्दाम सांगतो, कारण त्यातच आमचा पहिला नियम आहे. त्यांनी व्याकरणाच्या चुका काढल्या, त्या काढायला सोप्या होत्या. आज फुल्यांचं गुलामगिरी हे पुस्तक वाचणारी माणसं गावोगाव सापडतात आणि निबंधमाला बहुतेक एमएच्या सिलॅबसपुरती उरलीय. म्हणजे समोरच्याचा ऱ्हस्व-दीर्घ पकडून वाद जिंकता येतो, पण तो त्या संध्याकाळपुरताच. आमच्याकडे व्याकरण काढणारा पुढच्या वेळी भजीचा कांदा चिरतो.

भीड मोडायला अजून एक युक्ती आहे, वयं मोजा. हे मला फार उशिरा सुचलं. फोटोत पगडी, उपरणं, मिश्या बघून हे सगळे आपल्याला पणजोबा वाटतात. पण चिपळूणकर गेले तेव्हा वय 31. राम गणेश गडकरी 33. बालकवी 27, आणि तेही जळगावजवळ भादलीला रेल्वेखाली सापडून. केशवसुत 39. म्हणजे आमच्या ग्रुपमधला सगळ्यात धाकटा मेंबर, जो अजून ऑफिसात "मी फ्रेशरसारखाच आहे" म्हणत फिरतो, तो गडकऱ्यांपेक्षा मोठा आहे. एकदा हे डोक्यात बसलं की गडकऱ्यांना "काय रे राम, जरा आवर ना हे अनुप्रास" असं म्हणता येतं, आणि त्याच वेळी हेही कळतं की तेहतिसाव्या वर्षी या माणसाने एकच प्याला लिहून ठेवलं होतं आणि आपल्याला अजून पीएफचा फॉर्म भरायचा आहे.

आता लेखक कुठला घ्यायचा. आमचा नियम सोपा आहे, जाऊन वीसेक वर्षं झालेली पाहिजेत. त्याचं कारण काही आदर वगैरे नाही. अलीकडच्या लेखकाचा कुणीतरी भाचा, कुणीतरी विद्यार्थी, कुणीतरी "सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते" असा माणूस खोलीत निघतोच आणि मग वाद पुस्तकावर राहत नाही. या नियमाने पु.ल. चालतात, व.पु. चालतात, दुर्गाबाई चालतात, तेंडुलकर 2008 ला गेले म्हणून अजून वेटिंगवर आहेत. नेमाडे नियमात बसतच नाहीत पण दर महिन्याला कुणीतरी त्यांना मागच्या दाराने आत आणतंच, तेव्हा आम्ही त्यासाठी दहा मिनिटांचा कोटा ठेवलाय.

लेखक ठरला की अख्खी कादंबरी वाचायला सांगू नका. कोणी वाचत नाही, आणि मग सगळे जण पंधरा वर्षांपूर्वीच्या आठवणीवर बोलतात. कथा, एखादा प्रवेश, एक प्रकरण, जास्तीत जास्त पंधरा पानं. आणि ती पानं तिथेच मोठ्याने वाचायची. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन कारण आमच्या अर्ध्या वादांचा निकाल नुसत्या मोठ्याने वाचण्यात लागलाय. गडकरी डोळ्यांनी वाचले तर जड वाटतात, वाक्य संपतच नाही, उपमेवर उपमा, शब्दावर शब्द. तेच एकच प्यालातला आर्य मदिरा मंडळाचा प्रवेश चार जणांत वाटून घेऊन वाचा, तळीरामाला जरा आवाजी माणूस द्या, बघा काय होतं ते. आमच्याकडे शेजारच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या की काय चाललंय, आणि मग त्या बसल्याच, आता कायमच्या मेंबर आहेत. उलट सुधाकराची लांबलचक भाषणं मात्र त्याच दिवशी कुणालाच पेलली नाहीत, वाचणाराच मध्ये म्हणाला की मला पाणी द्या. दोन्ही गोष्टी एकाच नाटकात आहेत, आणि "गडकरी ग्रेट की बोअर" या प्रश्नाला त्यामुळे काही अर्थच उरला नाही. आमच्या त्या काकूंचं मत असं की सिंधू ही इतकी सहनशील आहे की तिच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते, आणि बालगंधर्वांनी ती भूमिका केली म्हणून लोक रडले, नाहीतर बायका प्रेक्षागृहातून उठून गेल्या असत्या. हे नाटक रंगभूमीवर आलं फेब्रुवारी 1919 ला आणि गडकरी जानेवारीतच गेलेले, म्हणजे त्यांना ना रडणारे प्रेक्षक बघायला मिळाले ना आमच्या काकू. सुटले बिचारे.

प्रश्न कसा मांडायचा हा पुढचा भाग आणि इथे बहुतेक सगळे आपटतात. "खांडेकर मोठे की फडके" असं म्हणालात की झालं, लोक कबड्डीच्या टीमसारखे दोन बाजूंना बसतात. या दोघांचं भांडण आपल्याकडे इतकं घासून गुळगुळीत झालंय की ते घ्यावं की नाही असं वाटतं, पण शिकायला तेच सगळ्यात बरं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की फडके म्हणजे कलेसाठी कला आणि खांडेकर म्हणजे जीवनासाठी कला. मार्क मिळायला हे पुरेसं होतं. भांडणाला नाही. कारण फडके गटातला माणूस म्हणणार "कलेत उपदेश नको", खांडेकर गटातला म्हणणार "समाज नको का मग", आणि दोघांनीही दोघांचं काही वाचलेलं नसणार. आम्ही काय केलं, दोघांची बाजू उलटी वाटली. खांडेकरभक्ताला सांगितलं तू फडक्यांचं वकीलपत्र घे. तो सांगलीचा, आणि खांडेकरांचा जन्म सांगलीचा, त्यामुळे त्याला ते घरचं कार्य वाटतं. (आमच्यात एक सावंतवाडीकडचीही आहे, ती म्हणते शिरोड्याच्या शाळेत त्यांनी 18 वर्षं मास्तरकी केली, तर ते आमचे. आणि एक कोल्हापूरकर आहे, तो नुसता "कोल्हापुरात ऱ्हायले की नाही मरेपर्यंत?" एवढंच म्हणतो आणि भजी उचलतो.) तर या सांगलीकराने वैतागून फडके वाचायला घेतले आणि दोन आठवड्यांनी येऊन म्हणाला, अरे हा माणूस कादंबऱ्यांपेक्षा गुजगोष्टींत भारी आहे. छोटे छोटे निबंध, विषय म्हणजे काहीच नाही, पण वाक्य कसं सरळ चालतं बघा. कादंबऱ्यांबद्दल मात्र त्याचं मत कायम राहिलं की नायक सारखा टेनिस खेळून आल्यासारखा ताजातवाना असतो आणि घराला व्हरांडा असल्याशिवाय कुणाचं कुणावर प्रेम बसत नाही.

आणि फडक्यांच्या बाजूची जी होती तिला आम्ही खांडेकरांचं ययाती दिलं. तिने ते नाइलाजाने वाचलं आणि एक फार बरोबर मुद्दा काढला, जो मी आधी कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली की ययाती, देवयानी, शर्मिष्ठा सगळे आपापली कहाणी सांगतात पण तिघांनाही सुभाषितं बोलायची सारखीच सवय आहे, कुणीही दुःखी झालं की आधी एक उपमा येते मग अश्रू येतात. पण, हे पण महत्त्वाचं, पण ययाती स्वतःची घाण ज्या पद्धतीने उघडी करतो ते वाचताना तिला मध्येच पुस्तक मिटून ठेवावं लागलं. त्या पुस्तकाला ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं, 1974 चं, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. ते का मिळालं असावं याचा अंदाज त्या दिवशी पहिल्यांदा आला. तोच प्रकार मग आम्ही शिवाजी सावंतांच्या मृत्युंजयवर वापरला. सहा जण बोलतात त्यात, कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण, तर पानावरचं नाव झाकून एक परिच्छेद वाचायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं कोण बोलतंय. करून बघा. मी काही सांगत नाही, मृत्युंजयवाले फार असतात आणि मला इमारतीत राहायचंय.

तर मुद्दा असा की प्रश्न लहान करा. "खांडेकर कसे" हे विचारू नका, "शर्मिष्ठेच्या या पानावर तुला रडू आलं का आणि नसेल तर कुठल्या वाक्याला गाडी घसरली" हे विचारा. आणि बाजू उलटी घ्यायला लावा. ज्याला जो लेखक आवडतो त्याने त्याच्यावरची टीका आणायची, ही आमच्याकडची एंट्री फी आहे. आवडत्या लेखकाची एकही चूक सांगता येत नसेल तर त्याने तो नीट वाचलेलाच नाही असं आम्ही धरतो.

याच कारणासाठी पु.लं.ना वेगळा परिच्छेद द्यायला लागतो. पु.ल. हा मराठी माणसाच्या घरातला देव्हारा आहे, तिथे चप्पल काढूनच जावं लागतं, आणि त्यांच्यावर पहिल्याच बैठकीत बोलायला घेऊ नका, निदान तिसऱ्या-चौथ्या वेळी घ्या, तोवर लोकांना एकमेकांचा राग सहन करायची सवय होते. आमचा जो कायमचा रुसला तो पु.लं.वरूनच. कुणीतरी एवढंच म्हणालं होतं की म्हैस आता तितकीशी हसवत नाही. बस्. आमची चूक ही झाली की आम्ही आधी हे विचारलं नाही की तुम्ही पु.ल. वाचलेत की ऐकलेत. बहुतेक लोकांनी ऐकलेत, कॅसेटवर, मग सीडीवर, मग मोबाइलवर, आणि तो आवाज, ते थांबणं, ते सगळं इतकं पाठ असतं की विनोद शब्दांत आहे की आवाजात हे कळतच नाही. आता आम्ही सरळ पुस्तक हातात देतो आणि सांगतो त्यांच्या आवाजात वाचायचं नाही, आपल्या आवाजात वाच. व्यक्ती आणि वल्लीमधला अंतू बर्वा आम्ही असा वाचला. वाचणारा मुलगा नागपूरचा, त्याला कोकणी हेल जमतच नव्हता, त्याने सपाट वाचला, आणि खोलीत कुणी फारसं हसलंच नाही. संपल्यावर सगळे जरा वेळ गप्प. मग काकू म्हणाल्या, "अरे हे तर सगळं मरणावरच आहे की." इतकी वर्षं आम्ही ज्याला विनोदी म्हणत होतो त्यात एकटेपणा आणि गरिबी ठासून भरलीय हे हसू काढून घेतल्यावर दिसलं. त्याच दिवशी हेही बोलून झालं की पु.लं.चं बरंचसं जग एका विशिष्ट मध्यमवर्गाचं आहे, आणि बटाट्याच्या चाळीबाहेर जन्मलेल्याला त्यातले संदर्भ लागतीलच असं नाही. आणि कुणी रुसलं नाही. माझ्या मते देव्हाऱ्यातून काढून हातात घेतले की पु.ल. जास्त मोठे वाटतात. हे मी त्या रुसलेल्या माणसाला फोनवर सांगितलं, त्याने फोन ठेवला.

एक सावधानता, आपल्या प्रत्येकात पु.लं.चा तो पुस्तकी बोलणारा सखाराम गटणे असतो. कुठल्याही साहित्यिक बैठकीत तो पंधराव्या मिनिटाला जागा होतो आणि "जीवनाचं प्रतिबिंब", "मानवी मनाचे कंगोरे" वगैरे बोलायला लागतो. आमच्याकडे "कंगोरे" या शब्दाला पाच रुपये दंड आहे. "आशय" ला दोन. "अस्तित्ववादी" म्हणाल तर पुढचा चहा तुम्ही करायचा.

जी.ए. कुलकर्णींच्या वेळी हा दंड भरपूर जमतो. जी.एं.चं काय होतं, ते न कळल्याचं कुणी कबूलच करत नाही. धारवाडला राहणारे, लोकांत न मिसळणारे, काजळमायाला साहित्य अकादमी मिळाल्यावर प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला तर पुरस्कारच परत करणारे, असा माणूस असल्यावर त्यांच्याभोवती एक धुकं तयार होतं आणि वाचक त्या धुक्यालाच नमस्कार करून येतो. म्हणून जी.एं.च्या बैठकीत आम्ही सुरुवातच कबुलीने करतो. प्रत्येकाने एकेक वाक्य सांगायचं, "मला हे कळलं नाही की..." मी म्हणाले मला त्यांची इस्किलार ही कथा तीनदा वाचून शेवट लागला नाही. त्यावर आमच्यातला जो स्वतःला जी.एं.चा एकमेव वारस समजतो, तो हळूच म्हणाला "मलाही". तुम्हाला सांगते, इतकं बरं वाटलं ना. त्यानंतरचा दीड तास ही आमची आत्तापर्यंतची सगळ्यात चांगली बैठक असेल, कारण कुणालाच हुशार दिसायचं नव्हतं.

टिंगल कशी करावी याबद्दल थोडं. नुसतं "बकवास आहे" हे काही टिंगल नाही, ती आळशीपणाची निशाणी आहे. टिंगल करायची तर विडंबन करा. यात आपला गुरू म्हणजे अत्रे. 1923 च्या सुमारास पुण्यात रविकिरण मंडळ निघालं, माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरे कवी, चहा आणि कविता असा रविवारचा बेत, म्हणजे साधारण आपल्यासारखंच. त्यांच्या हळव्या प्रेमकवितांचं अत्र्यांनी केशवकुमार या नावाने झेंडूची फुले मध्ये जे केलं ते आजही वाचावं. प्रियकर बिचारा रोज गुलाब पाठवतोय आणि शेवटी त्या गुलाबांचा गुलकंद होतो, याहून जास्त टीका काय लिहिणार. पण लक्षात घ्या की विडंबन करायला मूळ कविता पाठ लागते, छंद जमावा लागतो, ज्याची टिंगल करायची त्याचा कान उसना घ्यावा लागतो. म्हणून आमच्याकडे ज्याला एखादा लेखक अजिबात आवडत नाही त्याला दहा मिनिटं आणि एक कागद मिळतो. विषय ठरलेला असतो, सोसायटीचा पाण्याचा टँकर. टँकर आला नाही हे तू गडकऱ्यांच्या भाषेत लिही, तू माधव जूलियनांच्या. एक जण गडकऱ्यांना शिव्या घालत बसला होता, त्याला दहा मिनिटांत सहा ओळी जमल्या नाहीत, आणि कागद परत देताना म्हणाला की साला अवघड आहे हे.

माधव जूलियनांवरून आठवलं, वादासाठी असे विरोधाभास गोळा करून ठेवा, ते ऐन वेळी भजीपेक्षा उपयोगी पडतात. हा माणूस फारसीचा प्राध्यापक, फारसी-मराठी कोश केला, कवितेत फारसी शब्दांची पखरण, आणि पुढे तोच भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. किंवा हे, 1940, 41 आणि 42 या लागोपाठच्या तीन वर्षांत साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कोण, तर रत्नागिरीला फडके, सोलापूरला खांडेकर, नाशिकला अत्रे. कल्पना करा त्या मंडपांची. किंवा श्यामची आई. नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ती फेब्रुवारी 1933 मध्ये पाच दिवसांत लिहून काढली. आपल्याला पाच दिवसांत ऑफिसचं एक प्रेझेंटेशन होत नाही. पुस्तकावर आमचे दोन तट आहेत, एक म्हणतो संस्कार, दुसरी म्हणते की ती आई आहे की एचआर, मुलगा साधी आंघोळ करून आला तरी त्यातून फीडबॅक. दोघंही शेवटच्या प्रकरणाला रडतात, तो भाग वेगळा.

जातीचा विषय निघतो. निघणारच, आणि तो "चला विषय बदलूया" म्हणून दाबू नका, तो दाबला की बैठक खोटी होते. आपल्या पाठ्यपुस्तकातलं "क्लासिक" कुणी ठरवलं हा प्रश्न खराच आहे, जोतीरावांनी 1885 ला तोच तर विचारला होता. फक्त आमची एक अट आहे, नुसतं "सदाशिव पेठी साहित्य" एवढं म्हणून थांबायचं नाही, त्याच्या समोर ठेवायला पुस्तक घेऊन यायचं. असंच एकदा एक जण फकिरा घेऊन आला. अण्णाभाऊ साठे, शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेले, 1959 ची कादंबरी, अर्पण केलीय बाबासाहेबांच्या लेखणीला, आणि प्रस्तावना कुणाची तर वि. स. खांडेकरांची. सांगलीकराची मान लगेच ताठ. पण मग पानं वाचली आणि आमच्यातल्या दोघांनी कबूल केलं की हे आम्हाला शाळेत कुणी वाचायला दिलंच नाही, आणि अशी धावणारी गोष्ट त्यांनी बऱ्याच दिवसांत वाचली नव्हती. दुसऱ्या बाजूने एकाने हेही म्हटलं की फकिरा फारच निर्दोष आहे, त्याला एकदा तरी चुकू द्यायला पाहिजे होतं. त्यावर अर्धा तास. म्हणजे अण्णाभाऊंनाही तीच वागणूक जी खांडेकरांना. मला तर नुसत्या नमस्कारापेक्षा त्यात जास्त मान वाटतो.

बायका लेखिका कुठे आहेत असं काकूंनी विचारलं तेव्हा आमची यादी बघून आम्हालाच लाज वाटली. आता दर तिसऱ्या वेळी लेखिकाच. विभावरी शिरूरकरांच्या कळ्यांचे निःश्वासवर 1933 साली वादळ झालं ते लेखिका नक्की कोण यावरूनही झालं, कारण नाव टोपण होतं, आणि मालतीबाई बेडेकर हे नाव पुढे आलं ते नंतर. आणि लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे हे एकमेव पुस्तक आहे ज्यावर आमच्याकडे भांडणच होऊ शकलं नाही. वडिलांचं सोवळं, नवऱ्याचा तापट स्वभाव, सगळं इतक्या मिश्कीलपणे सांगितलंय की टीका करायला तोंड उघडावं तर हसूच येतं. ती बैठक म्हणून फसली. भांडण पाहिजे असेल तर स्मृतिचित्रे घेऊ नका, घरी एकट्याने वाचा.

अवतरणांचा बंदोबस्त पहिल्या दिवसापासून करा. सकाळी सकाळी ग्रुपवर सूर्योदयाच्या फोटोवर जे काही येतं त्याखाली निम्म्या वेळा व.पु. असतात, उरलेल्या वेळा पु.ल., आणि तेच वाक्य पुढच्या महिन्यात नाना पाटेकरांच्या नावाने येतं. आमचा नियम, पुस्तकाचं नाव आणि पान दाखवलं तरच ते वाक्य त्या लेखकाचं, नाहीतर ते तुमच्या मावसभावाचं. गेल्या वर्षी एका काकांनी व.पुं.चं म्हणून एक वाक्य अगदी डोळे मिटून ऐकवलं, सगळ्यांनी वाहवा केली, आणि पार्टनर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं तर त्यात नाहीच. काका म्हणाले "असेल दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकात." अजून शोधतायत. त्या निमित्ताने त्यांची व.पुं.ची सात पुस्तकं वाचून झाली आणि आता ते म्हणतात की व.पु. मला पूर्वीसारखे आवडत नाहीत.

तापमान वाढलं की काय करायचं. आवाज चढला तर चढू द्या, आवाजाने काही होत नाही. धोका कधी असतो, तर वाक्य "तो लेखक" वरून "तुम्ही लोक" वर येतं तेव्हा. "तुम्हा पुण्याच्या लोकांना", "तुम्हा इंग्लिश मीडियमवाल्यांना", हे आलं की यजमानाने उठून चहा टाकायचा. दुसरं काही करायचं नाही, समजवायचं नाही, नुसतं उठायचं. आमच्याकडे आता यजमान उठला की सगळे आपोआप गप्प होतात. आणि रुसलेल्याला दोन दिवसांत फोन करा, मेसेज नको, फोन. आमचा परत आलेला मेंबर मर्ढेकरांवरून रुसला होता. त्याचं म्हणणं होतं की पिपातले उंदीर ही काय कविता आहे, आणि कुणीतरी त्याला सांगितलं की तू 1947 नंतरच्या सरकारी वकिलासारखा बोलतोयस, मर्ढेकरांच्या काही कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला होता ना, त्यावरून. त्याला ते लागलं. फोनवर मी म्हटलं की अरे मर्ढेकर त्या खटल्यातून सुटले, तूही सुटशील, ये. पुढच्या वेळी तो तीच कविता पाठ करून आला. अजूनही त्याला ती आवडत नाही, पण आता ती त्याच्याइतकी चांगली कुणालाच म्हणता येत नाही.

निकाल लावू नका. मतदान वगैरे आम्ही एकदा केलं, चार विरुद्ध चार झालं आणि घरमालकाच्या सासऱ्यांनी, जे आत टीव्ही बघत होते, बाहेर येऊन कास्टिंग व्होट दिलं, तेही हरिभाऊंना, ज्यांचा विषयच नव्हता. निकालाऐवजी आम्ही एवढंच ठरवतो की पुढच्या वेळी कोण, कुठली पंधरा पानं आणि झेरॉक्स कुणी काढायच्या. येत्या रविवारी चिं. वि. जोशींचा चिमणराव आहे, आणि सांगलीकराने आत्तापासूनच जाहीर केलंय की तो पु.लं.पेक्षा सरस आहे. कांदे जास्त आणायला सांगितलेत.